तीन मिनिटांचं मनगट

मिस्त्रींच्या उजव्या मनगटाचं हाड जुळल्याचं डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवलं होतं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, सूज उतरली. पण मनगट वळेना. हात पुढे येई, मागे जाई, वजन उचली, मूठही घट्ट आवळी. फक्त वळायची वेळ आली की रुसल्यासारखा अडून बसे. "आयुष्यभर दुसऱ्यांना वळण लावलं," मिस्त्रींच्या पत्नी, म्हणजे सुनेच्या सासूबाई, म्हणायच्या, "आणि आता ह्यांच्याच हाताला वळण राहिलं नाही." हे त्या हसून म्हणायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन लावलेली भांडी पुन्हा लावायच्या.

मिस्त्री गाड्यांचे. घराला लागूनच त्यांची पत्र्याची शेड होती. तिच्यात दोन गाड्या ऐसपैस मावत आणि तिसरी अंग चोरून. हात मोडल्यापासून मात्र तिच्यात एकही नव्हती. शेजारच्या गादीवाल्याचा त्या रिकाम्या जागेवर डोळा होता. त्याला स्पंज ठेवायला गोदाम हवं होतं. माणूस वाईट नव्हता. रोज येऊन तब्येतीची चौकशी करायचा आणि जाताना शेडच्या छपराकडे एकदा प्रेमाने बघून घ्यायचा. शेवटी मिस्त्रींनीच कंटाळून त्याला सांगितलं होतं, "रविवारी ये. हो की नाही ते सांगतो." ते हो म्हणणार, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. फक्त तोंडाने कोणी बोलत नव्हतं.

सून हत्यारांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. तिचा नवरा ट्रक घेऊन बहुतेक बाहेरगावी असे, त्यामुळे घरात बोलायला सासूबाई, कुरकुरायला सासरे आणि ऐकायला सून अशी कामाची वाटणी झालेली होती. सून अबोल होती असं नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, एवढीच तिची सवय.

मिस्त्रींनी मधल्या काळात कामाला हात लावून पाहिला नव्हता असं नाही. एकदा शेजाऱ्याच्या गाडीखाली शिरले आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, नट गंजलाय. दुसऱ्यांदा म्हणाले, पाना झिजलाय. तिसऱ्यांदा उजेड कमी पडला. सुनेने जाऊन पाहिलं. नट स्वच्छ होता, पाना शाबूत होता आणि उजेड तर डोळ्यांवर येत होता. मग ती सासऱ्यांच्या हाताकडेच बघायला लागली. नळ सोडताना, बरणीचं झाकण काढताना, कुलपात किल्ली फिरवताना. किल्ली ते दोन्ही हातांनी फिरवत, आणि कोणी बघतंय असं वाटलं की खोकत.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर गोल घड्याळ होतं. त्याच्याकडे बघताना एक दिवस सुनेला माप सापडलं. मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो, तेवढं एक घर धरलं, तर मिस्त्रींचं मनगट अशी तीन घरं वळत होतं. तीन मिनिटं. आणि साध्या रिंग पान्याला आत बारा खाचा असतात. एका खाचेतून काढून पुढच्या खाचेत बसवायचा, तर त्याला पाच मिनिटांइतकं वळावं लागतं. मोकळ्या जागेत माणूस खांद्याने जोर लावतो, दांडा हवा तेवढा फिरवतो. पण इंजिनाच्या कपारीत सगळा खेळ मनगटाचा. तीन मिनिटांचं मनगट पाच मिनिटांच्या खाचेपर्यंत पोचत नव्हतं. पाना नटावर बसायचा, जरासा वळायचा आणि पुढची खाच हाती लागायच्या आधीच हात संपायचा. ताकद सगळी होती. थोडा कोन कमी पडत होता, इतकंच.

इतकंच, हे कळल्यावर सुनेला त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

दुकानात रॅचेट पान्यांचे संच ओळीने टांगलेले होते. रॅचेट पान्याच्या डोक्यात दातेरी चक्र असतं. दांडा एका बाजूला नेला की तो नटाला धरून फिरवतो, उलट आणला की नुसता आवाज करत मागे येतो आणि नट जागच्या जागी राहतो. म्हणजे नटावरून उचलायचा नाही, पुन्हा बसवायचा नाही. चक्राला जितके दात जास्त, तितकी हालचाल कमी लागते. बहात्तर दातांच्या पान्याला एका मिनिटाइतकं वळणंसुद्धा जास्त होतं.

तिने घाई केली नाही. मोठाल्या पेट्या आधी बाजूला केल्या. त्यांत निम्मे नग पेटी भरायला घातलेले असतात. मग मधली मापं गाळलेले संच गेले. दहा आहे, बारा आहे, पण तेरा नाही, अशा संचाचं मिस्त्रींनी काय केलं असतं ते तिला ऐकू येत होतं. उरलेल्यांची डोकी तिने व्हर्नियरने मोजली. कपारीत शिरायचं तर डोकं सडपातळ हवं. शेवटी हातात राहिला तो एक देखणा संच. दांडे लांब, कडा गुळगुळीत, एका टोकाला उघडा जबडा आणि दुसऱ्या टोकाला दातांचं डोकं. दांडा हातात घेतला की वजन तळव्यात नेमकं बसत होतं. चांगल्या कात्रीला असते तशी त्याला एक अदब होती.

"खटकावाला ने," मालक म्हणाले. "खटका दाबला की उलटा फिरतो. गिऱ्हाइकं तोच मागतात."

"खटक्यामुळे डोकं जाड होतं," सून म्हणाली. "उलटा फिरवायचा तर पाना पालथा घालायचा. त्यात काय."

घरी तिने संच जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" मिस्त्री म्हणाले.

"पाने."

"ते दिसतंय. पाने माझ्याकडे पोतंभर आहेत."

"हे रॅचेटचे आहेत, बाबा."

मिस्त्रींनी डाव्या हाताने एक उचलला आणि अंगठ्याने डोकं फिरवलं. बारीक, दाट आवाज आला. "कटकट," ते म्हणाले आणि पाना खाली ठेवला. "घरात आहे तेवढी पुरे."

"माझं नाव घेतलंत का?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नाव कशाला घ्यायला पाहिजे?"

"बहात्तर दात आहेत त्याला," सून म्हणाली.

"माझ्या तोंडात त्याच्या पाव हिश्श्यानेही उरले नाहीत. तरी जेवतो मी."

"बाबा, तुमचं मनगट तीन मिनिटं वळतं."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. तिने त्यांना घड्याळासमोर उभं केलं, त्यांचा हात काट्यावर येईल असा धरला आणि दाखवलं. इथून इथपर्यंत तुमचं. आणि इथपर्यंत जुन्या पान्याला लागतं. आणि याला एवढंच.

सासूबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

इतके दिवस जो येई तो मिस्त्रींना "होईल बरं" म्हणत होता, आणि ते ऐकून त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आकड्याचा त्यांना राग आला नाही. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे, एखाद्या अनोळखी गाडीच्या इंजिनाकडे बघावं तसं, जरा उत्सुकतेने पाहिलं. "तीन," ते म्हणाले. मग संचातला चौदाचा पाना उचलून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि जेवायला बसले. जेवताना खिसा एका बाजूला लोंबत होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि ताटात भात वाढत राहिल्या.

रविवारी सकाळी बेकरीवाली आपली छोटी व्हॅन घेऊन आली. गाडी चालते, पण बॅटरी भरत नाही, म्हणून रोज ढकलून सुरू करावी लागते, आणि बेकरीतली सगळी माणसं आता पाव सोडून गाडी ढकलण्यातच तरबेज झालीत, असं तिने सांगितलं. "तुमचा हात बरा नसेल तर तसं सांगा, मिस्त्री. मी दुसरीकडे जाते."

"ठेवून जा," मिस्त्री म्हणाले.

सुनेला सुट्टी होती. ती टॉर्च घेऊन शेडमध्ये उभी राहिली.

बॅटरी भरणारं यंत्र, म्हणजे अल्टरनेटर, काढायचा होता. तो एका लांब बोल्टवर टांगलेला असतो. मिस्त्रींनी आधी जुना साधा पाना बोल्टच्या डोक्यावर बसवला, डाव्या तळव्याने उजवी मूठ झाकली आणि खांद्यापासून एक झटका दिला. बोल्ट करकरला आणि सुटला. "पहिला हिसका कधी दातांना द्यायचा नाही," ते म्हणाले, "दात पडतात." मग रॅचेट पाना आत घातला.

इतक्या वर्षांत सुनेने त्यांना काम करताना पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही. हात कपारीत शिरला की त्यांचे डोळे दुसरीकडे लागत, समोरच्या पत्र्यावर, कुठेच नाही असे. बोटं आतल्या नळ्या, तारा, कडा ओळखत पुढे सरकत. गर्दीच्या घरात अंधारात वावरणारा माणूस कोणालाही धक्का न लावता पाण्याच्या माठापर्यंत जातो, तशी. पाना बोल्टवर बसल्याचा अगदी हलका आवाज झाला. मनगट वळलं, थोडंसंच. परत आलं. पुन्हा वळलं. आतून तो दाट आवाज येऊ लागला, आणि प्रत्येक वेळी बोल्ट केसभर बाहेर सरकू लागला.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. पण त्यांचा श्वास आणि पान्याचा आवाज एका चालीत चालले होते. सूनही टॉर्च धरून त्या चालीतच उभी होती. बोल्ट येत होता. मनगट पुरत होतं. पुन्हा पुन्हा पुरत होतं.

मग आवाज थांबला.

मिस्त्रींनी दांडा ढकलला. हलला नाही. मागे आणला, आवाज करत मागे आला. पुन्हा ढकलला. त्यांनी हात बाहेर काढला, पण पाना आतच राहिला.

"अडकला," ते म्हणाले.

सुनेने वाकून उजेड टाकला आणि पाहिलं. बोल्ट बाहेर येता येता त्याचं डोकं गाडीच्या बाजूच्या पत्र्याशी आलं होतं, आणि डोकं व पत्रा यांच्या मधोमध पाना चिमटून बसला होता. पुढे जायला पत्रा मोकळीक देत नव्हता. बोल्ट पुन्हा थोडा आत घातला असता तर पाना सुटला असता, पण हा पाना उलट फिरत नव्हता. पालथा घातल्यावर फिरला असता, आणि पालथा घालायला आधी बाहेर काढायला हवा होता. खटका असता तर बोटाने दाबला असता आणि काम झालं असतं.

तिने डोकं मोजलं होतं, दात मोजले होते, हात मोजला होता. बोल्ट बाहेर कुठून येणार ते मोजलं नव्हतं.

"चूक माझी आहे, बाबा. मालक म्हणत होते, खटकावाला ने म्हणून."

"तुझी कशी? फिरवत तर मी होतो." मिस्त्री खाली बसले आणि पत्र्याला टेकले. "ह्या गाडीचा हा बोल्ट कुठे येऊन टेकतो ते मला झोपेतून उठवून विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. निम्मा बाहेर आला की पाना काढायचा, इंजिन जरा उचलायचं आणि उरलेला बोटांनी काढायचा. किती जणांना शिकवलंय मी हे. शिव्या घालून शिकवलंय."

"मग थांबला का नाहीत?"

मिस्त्रींनी कानाची पाळी चोळली.

"मजा येत होती," ते म्हणाले.

आणि मग त्यांना हसू आलं. आधी आवाज न करता नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. सुनेने सासऱ्यांना असं हसताना हात मोडल्यापासून पाहिलं नव्हतं. खिडकीतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. तुझ्या सुनेने आणलेला पाना गाडीला इतका आवडला, की आता ती सोडायला तयार नाही."

नेमका त्याच वेळी गादीवाला आला. नवा शर्ट घातलेला, हातात मोजायची टेप. त्याने उघडी गाडी पाहिली, जमिनीवर बसून हसणारे मिस्त्री पाहिले आणि तो दारातच थांबला.

"बरा आलास," मिस्त्री उठत म्हणाले. "टेप ठेव तिकडे. जॅक मारता येतो का?"

"मी शेडबद्दल..."

"तेच. शेडमध्येच काम आहे."

इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं. त्यातला एक पाय सोडवून इंजिन बोटभर उचललं, की बोल्टचं डोकं पत्र्याच्या फुगवट्यावरून वर निघतं. मिस्त्रींनी इंजिनाखाली लाकडाचा तुकडा दिला, त्याखाली जॅक आणि जॅकच्या दांड्यापाशी गादीवाला. मग संचातला सतराचा पाना मागितला. पायाचे नट अवघड जागी होते, एक तर दिसतही नव्हता. मिस्त्रींनी पहिला काढला, पाना बाहेर घेतला, त्याच्या डोक्यावर बोट फिरवून बाजूची खात्री केली आणि दुसऱ्याला हात घातला. या वेळी त्यांची चाल वेगळी होती. थोडं फिरवायचं, थांबायचं, करंगळीने मागची मोकळी जागा चाचपायची, मग पुन्हा फिरवायचं. एकदा चुकलेला माणूस सावध होतो, तेवढंच ते नव्हतं. नवं हत्यार हाताला ओळख देत होतं आणि हात ती घेत होता. सुनेला वाटलं, आपण त्यांना पाना आणून दिला; तो कसा वापरायचा ते मात्र त्यांनी आत्ता, आपल्यासमोर शोधून काढलं.

"मार," मिस्त्री म्हणाले. गादीवाल्याने जॅकचा दांडा मारला. "अजून. हळू. गादीत कापूस भरतोस तसा नको."

"हल्ली कापूस नसतो हो, मिस्त्री. स्पंज असतो."

"म्हणूनच लोकांच्या कंबरा दुखतात. अजून एकदा. बस."

इंजिन वर आलं, पत्रा मागे सुटला आणि चौदाचा पाना आपसूक निसटून जमिनीवर पडला. मिस्त्रींनी बोल्ट बोटांनी ओढून बाहेर काढला आणि अल्टरनेटर दोन्ही हातांत घेऊन बाकावर ठेवला. मग हात पुसायला फडकं घेतलं तेव्हा कुठे त्यांचं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. कोपरापर्यंत काळा झाला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

गादीवाल्याच्या नव्या शर्टालाही काळा पट्टा उठला होता. त्याने टेप उचलली. "मग शेडचं काय ठरलं?"

"बघतोयस ना," मिस्त्री म्हणाले. "भरलेली आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री स्वतः दुकानात आले. घरून पायी आले होते आणि घामेजले होते. मालकांनी उठून खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"खटकावाले दाखव," ते सुनेला म्हणाले.

तिने असलेले सगळे संच काउंटरवर मांडले. मिस्त्रींनी पेट्या पाहिल्या नाहीत, चकाकी पाहिली नाही. खिशातून एक नट काढला, डाव्या हाताच्या दोन बोटांत फुलासारखा हलका धरला, त्यावर पाना बसवला आणि दांडा उलट फिरवला. नट बोटांतून ओढला गेला. त्यांनी पाना बाजूला ठेवला. दुसरा घेतला. तोही गेला.

"हे काय बघताय, बाबा?"

"नट सैल झाला ना, की त्याला धरून ठेवणारं कोणी नसतं. पाना मागे येताना जड असला तर नटाला घेऊन मागे येतो. जेवढं सोडवलं तेवढं पुन्हा आवळतो. दात कितीही असू देत." त्यांनी तिसरा पाना लावला. "लांबून दिसत नाही ते. बोटांना कळतं."

सुनेने एक नट घेतला आणि स्वतः करून पाहिलं. खरंच कळत होतं. इतकी वर्षं ती हे पाने विकत होती आणि ही चाचणी तिला कोणी सांगितली नव्हती, कारण विचारायचं तिला सुचलं नव्हतं. ती एका बाजूने तपासत गेली, मिस्त्री दुसऱ्या बाजूने. शेवटी दोघांच्या मध्ये एकच संच उरला. त्याचा पाना मागे येताना इतका हलका येत होता, की नट बोटांत झोपल्यासारखा राहत होता. मान किंचित वाकलेली, म्हणजे बोटांची पेरं पत्र्याला घासणार नव्हती. खटका अंगठ्याखाली सहज येत होता.

"याला दात कमी दिसतात," मिस्त्री म्हणाले आणि तिच्याकडे पाहिलं. नुसतं बोलायचं म्हणून नव्हे, तिला विचारत होते.

तिने डोकं उजेडाकडे धरलं. "साठ आहेत. एका दाताला बरोबर एक मिनिट. तुमच्याजवळ तीन आहेत."

"पुरतील?"

"पुरून उरतील."

"मग हाच."

"पहिला संच परत घ्यायचा का?" मालकांनी विचारलं.

"तो कशाला? सरळ जागेत तो सडपातळ बरा पडतो. चांगला पाहून आणलाय पोरीने." हे ते मालकांना म्हणाले, सुनेकडे न बघता. मग नव्या संचातला चौदाचा काढून त्यांनी खिशात टाकला, बाकीचे फडक्यात गुंडाळले आणि दारापाशी जाऊन थांबले.

"संध्याकाळी लवकर ये," ते म्हणाले. "तो लांब बोल्ट परत बसवायचा आहे. वरच्या बाजूने जागा अरुंद आहे, तुझा हात सहज जाईल. आवळायचं काम तू कर."

"मी?"

"मग काय गादीवाला?"

ते गेले. काउंटरशी एक गिऱ्हाईक बराच वेळ ताटकळत होतं. त्याला डझनभर वॉशर हवे होते. सुनेने ते मोजून त्याच्या हातात ठेवले, त्याने मोजले आणि म्हणाला, अकरा आहेत. तिने माफी मागितली, परत घेतले, संध्याकाळच्या बोल्टचा विचार करत पुन्हा पहिल्यापासून नीट मोजले आणि तेरा दिले.